आधी एस, मग झेड

श्वास रोखला की पडणारी वस्तू थांबते,
हे मला नवव्या वर्षी कळलं.
चौथ्या मजल्यावरून सुटलेली जिरेनियमची कुंडी
एलिसेओच्या टाळूपासून वीतभर वर
अडखळून उभी राहिली.
त्यानं वर पाहिलं, मग माझ्याकडे,
आणि माझे फुगलेले गाल बघून खो खो हसला.
मी हसू दाबलं, म्हणून वाचला.

त्याचं निराळं. त्यानं बोट टेकवलं की लोखंड
सत्तर वर्षांचं म्हातारं होई.
कुलूप, साखळी, बिजागरी,
शाळेचं गेट तर आठवड्यातून दोनदा.
त्याच्या आईनं, दोन्या एदुविखेसनं,
जुन्या रेनकोटाच्या अस्तरातून दोन मुखवटे शिवले.
माझा नाकावर घट्ट बसला.
"तुला श्वास रोखायचाच तर आहे," म्हणाली.

वालपाराइसोच्या टेकड्यांवर
जहाजांच्या उरल्यासुरल्या रंगात रंगवलेली पत्र्याची घरं पेटत,
तेव्हा तो गजांचा भुगा करी
आणि मी छप्पर तोलून धरी.
चोवीस वर्षं. पगार नाही, रजा नाही.
काम संपलं की धक्क्यावर, पेलिकनांच्या शेजारी,
सोपाइपिया खायचो. मोहरीची चटणी
सगळी त्यालाच लागायची.

मग क्रेन पडली.
खाली त्याचे वडील होते.
मी तिसऱ्याच टेकडीवर, कुणाची तरी गॅलरी धरून.
त्यानं मला कधी विचारलं नाही, तू कुठं होतीस.
एकदा विचारायला हवं होतं.
कोर्टात कंपनीचा मालक म्हणाला,
गंज नैसर्गिक असतो.
गंज. एलिसेओच्या तोंडावर.
खटला जेवणाच्या सुट्टीआधी आटोपला.

बुधवारी दुपारी त्यानं
टेकडी चढणाऱ्या डब्याच्या दोरावर बोट ठेवलं.
आत मालक होता. आणखी अकरा जण होते,
त्यांत एक पोरगा, स्वतःहून थोराड चेलोसकट.
मी गाल फुगवले.
उतारावर डबा थबकला,
माणसं खिडकीतून एकेक निघाली.
चेलोला बारा सेकंद लागले. मी मोजले.

आत एकटा मालक उरला.
एलिसेओ माझ्या शेजारी येऊन थांबला, मुखवट्याशिवाय.
"आता सोड," म्हणाला.
"श्वासच तर आहे. तो माणसाला लागतोच.
तुला कोण बोल लावणार?"
किती हळू म्हणाला,
झोपलेल्या बाळाशेजारी बोलावं तसं.

मला पटत होतं. हे नोंदवून घ्या.
डोळ्यांपुढं काजवे चमकले,
त्यातल्या एका काजव्यात त्याचे वडील होते,
टोपी मागं सरकवलेली.
त्यांनी काही सांगितलं नाही. मेलेली माणसं
असल्या वेळी हटकून गप्प बसतात.
मी डबा खाली आणला, इंचाइंचानं.
मालक फलाटावर उतरला
आणि रुमालानं बूट पुसू लागला.

एलिसेओ पळाला नाही.
पोलिसांनी बेड्या घातल्या,
त्या त्याच्या मनगटांवर लखलखीतच राहिल्या.

मुखवट्याची साक्ष कायद्याला चालत नाही.
सात महिने त्यांनी त्याला विचारलं, ती कोण?
नाव सांग, शिक्षा निम्मी करू.
त्यानं दर वेळी पाणी मागितलं.

मी गाठ सोडली.
कान आधी मोकळे झाले, मग नाक.
कारकुनानं विचारलं, नाव?
ब्रिहिदा इनोस्त्रोसा, म्हटलं.
तो लिहिता लिहिता अडला;
आमच्याकडे त्या दोन अक्षरांचा उच्चार एकच.
आरोपीच्या पिंजऱ्यातून आवाज आला,
शाळेच्या हजेरीपासूनचा, थोडा वैतागलेला:
"आधी एस, मग झेड."

आरोपीनं मधे बोलू नये, न्यायाधीशबाई म्हणाल्या.
मी श्वास सोडला
आणि क्रेनपासून सुरुवात केली.