काटा

माशेलच्या बाजारात बांगडा आज शंभराला तीन.
टोपलीपाशी थांबले, वास घेतला, पुढे सरकले.
वासाला पैसे पडत नाहीत.
अंगणवाडीचं मानधन दोन महिने वाटेत आहे,
कुठल्या वाटेत, ते पणजीलाच ठाऊक.

पियेदाद जुव्याहून पूल ओलांडून येते,
डोक्यावर ओलं गोणपाट, त्याखाली पहाटेची भाजी.
तिच्याकडे वजनाचा काटा नाही.
जमिनीवर वाटे लावते,
वाट्यात काय घालायचं ते तिची मूठ ठरवते
आणि गिऱ्हाईकाचं तोंड.

तांबड्या भाजीच्या मुळांना अजून चिखल आहे.
भेंडी वीतभर लांब, सात शिरांची;
एकीचा शेंडा माझ्या कानाशी मोडते, कट्ट.
"आयकलें?"
आठ वांग्यांत एक किडकं, तेही तीच उलटून दाखवते.
"हें फुकट. किडीकय बरें कळटा."

पन्नासची नोट होती, ती तिथेच संपली.

घरी नारळ होता,
मालकिणीच्या माडाचा, रात्री पडलेला, सकाळी विचारून घेतलेला.
सोलं पत्र्यावर वाळत घातली होती,
त्यातली चार ओलीच उचलली.
वीज गेलेली. मे महिन्यात ती दुपारची झोप काढते.
मग रगड्यावर बसले:
खोबरं, सहा मिरच्या, धने, हळकुंडाचा तुकडा.
घाम नाकाच्या शेंड्यावरून पडायला निघाला की मान वळवायची,
एवढंच तंत्र.

मामंजींना हुमणाशिवाय घास उतरत नाही.
फेरीबोटीवर तीस वर्षं दोर फेकला त्यांनी,
मग पूल झाला, आणि दोर घरी आला.
आता त्यावर कपडे वाळतात.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय,
ऑपरेशनची तारीख जूनची.
तोवर जग त्यांना ताकासारखं दिसतं.

वांगी उभी चिरली, देठ ठेवून.
रस उकळला तेव्हा बाटलीच्या तळाशी उरलेली
गेल्या वर्षीची तिरफळं काढली.
तिरफळं वाटायची नसतात,
नुसती चेचून वरून सोडायची.
सोडली,
आणि आमची खोली एकदम समुद्राकडे तोंड करून बसली.

शेजारच्या फिलोमेनाने खिडकीतून विचारलं,
बांगडे कसे दिले आज?
मी म्हटलं, स्वस्त.

मामंजी पाटावर बसले. हुंगलं.
"बांगडो?"
मी पाणी ओतत राहिले, पेला भरून वाहिला.

त्यांची बोटं उकड्या भातात उतरली,
दोरानं घट्टे पडलेली, पण काटा शोधायला अजून बारीक.
एक मऊ तुकडा उचलला, तोंडात फिरवला,
देठ लागला.
तो काढून ताटाच्या कडेला ठेवला,
हळू, हाड ठेवतात तसा.
मग दुसरा. तिसरा.
भाताला तांबड्या भाजीचा गुलाबी रंग चढत होता,
तो त्यांना दिसत नव्हता, मला दिसत होता.
आत्ता सांगावं, म्हटलं. शब्द जुळवले.
त्यांनी ताट पुढे केलं, आणखी वाढ म्हणून,
आणि माझ्या दिशेने, थोडं डावीकडे पाहत म्हणाले,
"तूही बस आता.
सावकाश जेव हां.
ह्या बांगड्याला काटा शेपटीपेक्षा डोक्याकडेच जास्त."

मी बसले. वांगं फार छान शिजलं होतं.
मीठ जरा कमी, ते कुणीच बोललं नाही.

ताटं घासताना पाहिलं:
पाच देठ ओळीत,
सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला,
टोपलीत मासे लावतात तशी.
उचलायला गेले तर एक बोटात रुतला.

भेंडी ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशी ठेवली आहे.
उद्या तिचं काय म्हणून वाढायचं,
कोलंबी की काय,
ते मामंजींनाच विचारीन.