ओठांत पी, पोटात एन

वाखो, आधी बॅटरीची काळी तार सोड.
मग चाकांना ओंडके लाव, पुढून आणि मागून.
रुस्तावीत जमीन सपाट आहे, ठाऊक आहे मला,
तरी लाव.

ही गाडी समुद्रावरून आली, पोतीच्या बंदरात उतरली,
उजवा दरवाजा चेपलेला, काचेवर लिलावाचा आकडा.
तिकडे कुणाची होती कोण जाणे.
आता त्सियालाबाईंची. इस्पितळात रात्रपाळी करतात,
आणि काल पहाटे साडेपाचला दांडा पीमधून हलेचना.
ब्रेक दाबून दाबून पोटरीत गोळा आला, म्हणाल्या.

मूठ वर ओढ. पिळू नकोस, सरळ ओढ,
दात उपटतात तशी.
झगा उलटा कर. चार स्क्रू.
चौथा नेहमी राखदाणीखाली लपलेला.
निघालं?
बघ आत.
वाळलेली कॉफी, साखरेचा काळा पाक,
केसांची निळी पिन, लहान मुलीची,
आणि कुठल्यातरी दुसऱ्याच समुद्राची वाळू.
पिन फेकू नकोस, खिडकीतल्या डब्यात टाक.
तेरा वर्षं साठवतोय,
मागायला कुणी येत नाही.

हा खिळा बघ, स्प्रिंगमागचा.
ब्रेक दाबला की विजेनं मागे सरतो,
टक् करतो, दांड्याला वाट देतो.
पाकात रुतून बसला होता बिचारा.
स्पिरिटनं पूस. चिंधी नको, दात घासायचा ब्रश घे.
ग्रीस तीळभर.
तीळभर म्हणालो मी!

आता खाली ये खड्ड्यात, दिवा धर.
ही केबल. टोकाला प्लास्टिकची कडी, बुगडीएवढी.
बोटानं हलव. हलली ना?
वर दांडा म्हणतो पी, काचेतला दिवाही म्हणतो पी,
खाली पेटीला कुणी काही कळवलेलंच नसतं.
ओठांत पी, पोटात एन.
दांडा खोटारडा नाही रे.
त्याला वाटतं, निरोप पोचला.

इलामाझची गोष्ट तुला सांगितली नाही मी.
सिघनाघीचा उतार, नोव्हेंबर.
घाईत मी केबल एक दात कमी ओढली होती.
त्यानं पीमध्ये टाकली, किल्ली काढली, पाव घ्यायला उतरला.
गाडी एकटीच निघाली,
आवाज न करता, चपला हातात घेतल्यासारखी,
आणि त्याच्याच सासऱ्याच्या अक्रोडाला जाऊन टेकली.
झाडाखाली खुर्ची होती.
सासरा नुकताच उठला होता,
चष्मा आणायला.

इलामाझ दर शरदात गोणीभर अक्रोड आणून देतो,
त्याच झाडाचे, हिरव्या सालीसकट.
बोलत काही नाही.
मी सोलतो. बोटं काळी होतात,
आणि हा काळा रंग रॉकेलनं जात नाही.

चल. जुळवणी कशात करायची?
पीमध्ये नाही. डीमध्ये तर नाहीच.
वर एन, खाली एन,
दोघांनाही कुठे जायचं नसतं तेव्हा.
ही सळई त्या भोकातून आरपार गेली पाहिजे,
जोर न लावता.
जोर लागला तर तू चुकलास, भोक नाही.
मग बोल्ट.

आता वर जा, सीटवर बस.
तार जोड आधी, ब्रेक दाब. टक् ऐकू आलं?
तू वरून अक्षर ओरड,
मी हात पेटीवर ठेवतो, खालून ओरडतो.

पी!
पी.
आर!
आर.
एन!

थांब. पुन्हा म्हण.
आणि ओंडके अजून काढू नकोस.