मे महिन्याचं बिल

दहा एप्रिलला शाळेला कुलूप मीच लावलं,
दोनदा ओढून पाहिलं.
आणि जूनमध्ये हेस्कॉमचा ईरण्णा
मशीनमधून लांब चिठ्ठी फाडून हातात देतो:
मे महिना, दोनशे चौदा युनिट.

सगळं कन्नडात.
एकतीस वर्षं नोकरी झाली, तरी बिल वाचताना
मी आकड्यांवर पाय देत पलीकडे जातो,
ओढ्यातल्या दगडांवरून जावं तसा.
‘बाकी’ तेवढं लागतं. तो शब्द दोन्हीकडे एकच.

“बंद शाळेत दोनशे चौदा?”
“मीटर खोटं बोलत नाही, गुरुजी,” म्हणाला,
फटफटीला किक मारली, गेला जांबोटीकडे.

पोरं म्हणाली, तीन नंबरच्या खोलीत भूत आहे.
सातवीतली वैजंता हुंदरे म्हणाली,
भुताला कशाला लागतोय पंखा?

मग तिलाच बसवलं मीटरसमोर, उलट्या बादलीवर.
लाल ठिपका लुकलुकतो तिथं.
जेवढा भराभर, तेवढं जळणं.
मी आत एकेक बटण पाडत जायचं,
तिनं बाहेरून सांगायचं.

आमदारांच्या नावाची पाटी असलेला थंड पाण्याचा कूलर,
तोटी तुटून तीन वर्षं झाली, आत थेंब नाही,
पोटात गुरगुर मात्र चालू.
“कमी झालं! पण चमकूलालंय अजून!”
कॉम्प्युटरची बॅटरी,
कॉम्प्युटर अजून आला तसा प्लास्टिकच्या पिशवीत.
“चमकूलालंय!”
मुतारीतला दिवा. दिवसा तो दिसत नाही,
आणि रात्री बघायला असतं कोण?

मग निघाली माझीच ट्यूब.
भर अकरा वाजता ती लावून मी हजेरी मांडतो,
कारण खिडकीपुढे लोखंडी कपाट आहे.
ज्या वर्षी दगड आले, त्या वर्षी मीच ढकललं होतं.
दगड थांबले.
कपाट राहिलं.

चार पोरं, एक मी. कपाट किंचाळत सरकलं.
फरशीवर त्याच्या पायांचे चार गंजके गोल,
आणि धुळीसकट उजेड आला आत,
थेट मस्टरवर, माझ्या कालच्या सहीवर.
पलीकडे कन्नड शाळेचा व्हरांडा.
हिरेमठ सर डबा खात होते.
त्यांनी भाकरीसकट हात वर केला.

“गुरुजी! चमकूलालंयच की हो!”

शेवटी बोअर.
पंप जमिनीच्या पोटात, त्याचा आवाज वर येत नाही.
टाकीचा गोळा तुटलेला, म्हणून त्याला
टाकी भरल्याचं कधी कळलंच नव्हतं.
अख्खी सुट्टी तो वर पाणी फेकत होता
आणि पाणी मागच्या भिंतीवरून गुपचूप उतरत होतं
पलीकडच्या आवारात.
तिथं पपई आहे.
सगळं गाव रापलेलं असताना, ऐन मेमध्ये
तिला अकरा फळं.

“अदक्के!” हिरेमठ सर कपाळावर हात मारून म्हणाले,
म्हणूनच! “आणि आमी समजलो, देवाची कृपा.”
दोघंही हसलो, कठड्याच्या आपापल्या बाजूला.
इतकी वर्षं शेजारी,
आणि बोलायला विषय मिळाला तो गळतीचा.

गोळा बसवला. साठ रुपये.
बाहेरून काहीच आवाज येईना.
“काय झालं ग?”
“काय नाही होऊलालं,” वैजंता म्हणाली,
आणि तरी बादलीवरून उठेना,
तोंड मीटरला लावूनच बसली,
झोपलेल्या बाळाजवळ बसावं तशी.

ह्या महिन्यात एकोणीस युनिट.
मुख्य कचेरीला कळवलं. उत्तर नाही.
कूलरवर आता डस्टर वाळतात.

पपईनं मात्र मान टाकली चार दिवसांत.
म्हणून मधल्या सुट्टीत आमची दोन, त्यांची दोन पोरं
ताटं धुतलेलं पाणी तिच्या बुडाशी नेतात,
सांडत, भांडत, दोन्ही भाषांत.
उरलेली फळं कुणाची
हे अजून ठरलेलं नाही.
बाकी आहे.