छपराचा डबा

आमच्या बेटांवर शिवी म्हणजे
सैतानाचं एकेक नाव.
आई-बहिणीला कुणी मध्ये आणत नाही,
थेट त्यालाच हाक मारतो आम्ही:
गळ बोटात रुतला की,
दोरी गुंतली की,
नुसती कॉफी सांडली तरी.

हानुस तांडेलाला ते खपत नसे.
त्याने सुकाणूशेजारी बिस्किटांचा रिकामा डबा ठोकला,
झाकणाला फट पाडली.
एका शिवीला एक क्रोन.
पैसे जाणार क्लाक्सविकच्या प्रार्थनाघराला,
ज्याचं छप्पर तीन हिवाळे गळत होतं.

मी तेव्हा बावीसचा.
जिभेला हाड नव्हतं, खिशाला बूड नव्हतं.
पहिल्याच फेरीत, आइसलंडच्या खाली,
अडतीस क्रोन!
स्वयंपाकी स्वेनिंग तर उधारीवर शिव्या द्यायचा,
फळीवर खडूच्या रेघा ओढून.
"वारा वाढतोय," म्हणायचा, "आजच्या पाच आधीच लिहून ठेव."

हानुसच्या नावावर एकही रेघ नाही.
रविवारी तो जेवणाच्या बाकाशी उभा राहायचा,
टोपी हातात, आणि सांगायचा
की माणसाच्या बोलण्यात मीठ असावं.
आम्ही आठवडाभर मिठातच उभे,
कॉड चिरून, उघडून, थरावर थर लावत.
मीठ राखतं, हे आम्हाला सांगायला नको होतं.
हातावर चीर असली की मीठ आणखी काय करतं,
तेही नको होतं सांगायला.

रोई सोळाचा. बोटीवरचा सगळ्यात लहान.
त्याचा बाप याच उथळ्यावर बुडालेला.
फेब्रुवारीच्या एका रात्री पोराच्या हातून दोरी निसटली,
चारशे गळ, आमिषासकट, तळाला.
हानुस ओरडला नाही.
प्रार्थनेला लावतो त्याच आवाजात म्हणाला,
"तुझा बापही असाच होता.
म्हणून तो खाली आहे."

एवढंच.
धुतलेल्या ताटासारखं स्वच्छ वाक्य.
सैतानाचं नाव कुठेच नव्हतं त्यात,
डब्याला काही देणं लागत नव्हतं.

रोई तीन दिवस जेवला नाही.
तिसऱ्या रात्री स्वेनिंग वाडगा घेऊन त्याच्या बिछान्याशी बसला.
"खा रे सैताना, गरम आहे,
आणि सूप मी केलंय, त्या नरकातल्या म्हाताऱ्याने नाही."
पोरगं हसलं. मग रडलं. मग जेवलं.
स्वेनिंगने वर येऊन मुकाट्याने
दोन रेघा ओढल्या.

चौथ्या पहाटे पाळी माझी होती.
हानुस आला, पायात नुसते लोकरी मोजे,
हातात पाकीट.
घडी केलेल्या नोटा फटीतून जाईनात.
त्याने सुरी काढली, फट रुंद केली,
पत्रा अंगठ्याला लागला, रक्त आलं,
तो काहीच बोलला नाही.
मग खाली गेला, रोईकडे.

काय म्हणाला, मला माहीत नाही.
इंजिनाचा आवाज होता,
आणि मी कान दिला नाही, इतपत तरी शहाणा होतो.
उजाडलं तेव्हा सुकाणूवर रोई होता
आणि तांडेल खाली
मासे चिरणाऱ्यांत उभा.

आता माझे गुडघे बोटीवर चढत नाहीत.
जुनं जाळं शिवताना सुई टोचली
तर अजून तेच नाव तोंडात येतं.
फक्त त्याआधी मी बघतो,
शेजारी कोण बसलंय,
आणि त्याला कुठे चीर आहे का.

रविवारी पाऊस असतोच.
प्रार्थनाघरात मी डोळे मिटून बसतो
आणि छपरावरचे थेंब मोजतो:
हा पत्रा माझा. हाही माझाच.
ते दोन स्वेनिंगचे, अजून उधारीवर.
आणि दाराच्या वर एक आहे, जरा गडद,
त्याच्याखाली रोई बसतो, मुलींना घेऊन.
तिथले थेंब मी मोजत नाही.