मोजणी

पहाटे पाचला बाबा कोट घालून दारात.
डोळ्यांच्या मधोमध आता धुकं साचलंय,
कडेकडेनेच दिसतं, म्हणून गाडी मी चालवते
लिंकनशरच्या सपाट शेतांतून, कोबीच्या उग्र वासातून,
जुन्या लष्करी धावपट्टीकडे.
तिथे दर रविवारी मोटारींच्या डिक्क्या उघडतात
आणि लोक आपापली अडगळ मांडून बसतात.

ताडपत्रीवर दव, टॉर्चचे झोत,
टवके उडालेल्या बशा, कुणाचा तरी एकच स्केट.
बाबांना यातलं काही नको असतं.
त्यांना डबे हवे असतात, तळाशी काळं तेल गोठलेले.
मी त्यांचा हात डब्यात ठेवते, आणि मग
अंगठा आपला आपण चालू लागतो.
"पक्कड. जबडा सैल."
"कानस. दात गेलेले."
"हा युद्धातला," एकदम हळू आवाजात,
"बघ, मुलामा नाही. तेव्हा चकाकी परवडत नव्हती."
बाणाचा ठसा, त्रेचाळीस साल,
नखाएवढ्या जागेत सरकारची मालकी.
मला ते वाचायला उजेडातही चष्मा लागतो.

माझी आजी विनिफ्रेड एकोणिसाव्या वर्षी
याच धावपट्टीच्या टोकाला इंजिनं उघडायची.
तिची कॅनव्हासची गुंडाळी आमच्याकडे आहे:
नऊ खण, आठ पाने.
प्रत्येक दांड्यावर कानशीने घातलेल्या तीन खाचा,
दुसऱ्या कुणी उचलला तर कळावं म्हणून.

पाळी संपली की हत्यारं मोजत.
एक जरी कमी भरलं तरी विमान जागचं हलत नसे,
कारण हरवलेला पाना बहुतेक वेळा इंजिनातच सापडतो.

युद्धाबद्दल ती बोलत नसे.
एकदाच, मटार सोलता सोलता, बाबांना म्हणाली,
"त्या रात्री मी नऊ सांगितले. आठच होते.
उशीर झालेला, सगळे ओरडत होते."
विमान गेलं. परत आलं नाही.
"तशी त्या आठवड्यात बरीच आली नाहीत,"
असंही म्हणाली, आणि सालं गोळा करून उठली.

तेव्हापासून चौतीस वर्षं.
सात-सोळांश मापाचा, दुतोंडी.
बाजारात सगळ्यांना वाटतं, एनॉकला संच पुरा करायचाय.
मलाही तसंच वाटायचं.
पण पाना जमिनीवर सापडला
तर तो आकाशात गेला नव्हता.
एवढंच.

आज रासाच्या टेबलावर एक होता.
ती लिथुएनियाची, भाजी पॅक करायच्या कारखान्यातली
रात्रपाळी संपवून थेट इथे येते.
"पलीकडच्या शेतात नांगराला लागला," ती म्हणाली,
"माझ्या मुलाने घासलाय. बघा, आरसा!"
मातास, वय अकरा. ग्राइंडरच्या चकतीवर
अख्खा शनिवार राबलेला. बोटाला पट्टी.

बाबांचा अंगठा दांड्यावरून गेला.
परत आला. पुन्हा गेला.
तोंड, गळा, माप: सात, सोळा, खोल आणि शाबूत.
पुढे सपाट. बाण नाही. साल नाही.
गंजाने खाल्लं असेल, चकतीने खाल्लं असेल,
किंवा तिथे कधी काही नव्हतंच.
मागे कुणीतरी दिव्याच्या शेडचा भाव करत होतं,
दीड की दोन, दीड की दोन.

"छान घासलंयस," बाबा मातासला म्हणाले,
आणि घासाघीस न करता पाच पौंड दिले.

दुपारी परसातला गळका नळ
त्यांनी त्याच पान्याने आवळला.
पोलाद चांगलं आहे, म्हणाले. तोंड घसरत नाही.
मग तो खिडकीत ठेवला, ओलाच.

रात्री गुंडाळी टेबलावर उलगडली.
"मोज गं," म्हणाले. तोंड भिंतीकडे.

मी मोजले.
नऊ सांगितले.