रकाना सातवा

दिघ्याच्या समाजमंदिरात तीन रविवार.
एक हजार बेचाळीस बोटं टोचली,
नऊ पट्ट्यांवर उमटली दुसरी रेघ:
हिपॅटायटिस सी.

मी नंतर आले, हिशेबाला.
बॅनर किती, रिक्षावरचा भोंगा किती तास,
एका सापडलेल्यामागे किती रुपये.

सातवा रकाना: शिबिराचं कसं कळलं?
यल्लप्पा देवकर हसले.
"कळलं कुठं? मेव्हणीचा चष्मा न्यायला आलो.
रांग चुकली."

सत्त्याऐंशी साली खाणीत मांडी फुटली होती,
बाटलीभर रक्त चढवलं कुणाचं तरी.
"त्याच्यामुळं तर वाचलो, बाई.
तो सापडला का तुम्हाला?"

मी पेनाचं टोपण लावलं, काढलं.
आतून कुकरची शिट्टी झाली.
गोळ्यांचा डबा त्यांनी टीव्हीवर ठेवला होता,
पंचावन्न उरल्या, म्हणाले, मोजून.

नवांपैकी दोघांचे फोन बंदच लागतात.
एकीने नंबर दिला तो शेजारणीचा,
आणि शेजारीण गावी गेलेली.

रात्री ऐरोलीत, लॅपटॉपसमोर,
सातव्या रकान्यात 'इतर' टाकलं. खोडलं.
लिहिलं: रांग चुकली.

मग शिफारशी.
पहिली:
चष्म्याची रांग आणि ही रांग
पुढच्या वेळी अगदी चिकटून लावा.
मध्ये दोरी नको.