निवळी

रात्री तीन वाजता, महापेच्या नवव्या मजल्यावर,
पुएब्लाचा सर्व्हर पुन्हा उठायला बावीस मिनिटं घेतो.
तिकडे दुपार उतरलेली असते.
लुपे विचारते, एमांगी, जेवलीस?
माझ्या नावातला ह तिच्या जिभेला कधी सापडला नाही.
म्हटलं, डबा. भेंडी.
ती इतकी गप्प झाली की वाटलं, लाइन गेली.

मग सांगू लागली, सावकाश,
नवख्या माणसाला पत्ता सांगावा तसं:
घेवडा रात्रभर भिजव.
चोरिसो कोरडाच परत, तेल घालू नकोस,
त्याचं तो सोडतो.
त्या लाल तेलात कांदा,
मग घेवडा, त्याच्याच पाण्यासकट,
आणि पळीनं ठेच, अर्धा ठेच, अर्धा सोड.
रोटी मक्याची. पण मका आधी कालमध्ये उकळ.
कालमध्ये?
पांढरं असतं गं. दगडाचं. भिंतीला लावतात.

सर्व्हर उठला.
मी वहीच्या मागच्या पानावर लिहिलं: चुना.

आमच्या ऐरोलीच्या घरात चार वर्षं चुना नाही.
पपांच्या डाव्या गालाचा आतला तुकडा
परळला काढून घेतला, तेव्हापासून.
दोन तोंडांची ती डबी आईनं खाडीत टाकली,
पुलावर रिक्षा थांबवून, मीटर चालू ठेवून.

बाकी सगळं जमलं.
वाशीच्या दाणाबाजारातून दोन किलो मका, एक किलो राजमा.
ओरेगानोऐवजी गॅलरीतल्या कुंडीतली ओव्याची पानं.
वरच्या इझाबेलबाईंनी मडगावहून आलेली चोरिसांची माळ
अर्धी तोडून दिली. म्हणाल्या,
तुमच्या मेक्सिकोचं मला ठाऊक नाही, पण ही चावते.
आईनं जुनी कढई काढून ओट्यावर आदळली:
हीच. दुसरी मागू नकोस.

चुना मी आणते म्हणेपर्यंत
पपांनी चपला घातल्या होत्या.
चांगला कुठला ते मला माहितीय.

टपरी सोसायटीच्या गेटालगत.
पपांना पंचवीस मिनिटं लागली,
सर्व्हरपेक्षा तीन जास्त.
आई खिडकीत उभी, हातात लसणीची अर्धी सोललेली पाकळी.

आले. पुडी पुढे केली.
मग कुणी न सांगता तोंड उघडून दाखवलं,
जेवढं उघडतं तेवढं. दीड बोट.
आईनं तोंडात पाहिलंच नाही.
त्यांचा डावा तळवा ओढून घेतला
आणि मधोमध हुंगला, जिथे मळतात तिथे.
नंतर काही न बोलता मक्याखालचा गॅस मोठा केला.

रात्रभर मका चुन्याच्या निवळीत बसला.
सकाळी पाणी पिवळं, शेवाळी वासाचं,
दाण्यांची सालं सुटू लागलेली.
पपा मोरीत पाटावर बसले, पातेलं पुढ्यात घेऊन.
मूठभर दाणे डाव्या तळव्यावर,
उजवा अंगठा वरून, दाबून, गोल,
मग झटका, मग पुन्हा.
मी पाहिलं. आईनंही पाहिलं.
सालं पाण्यावर तरंगत गेली.
दोन किलो मका त्यांनी एकट्यानं मळला,
कुणाला हात लावू दिला नाही.

दुधाच्या पिशवीचे दोन तुकडे, मध्ये गोळा, वर पोळपाट.
पहिल्या चार फाटल्या. पाचवी फुगली.
चोरिसांनी कढईत एवढं लाल तेल सोडलं
की आई म्हणाली, हे उद्या वांग्याला होईल,
आणि मग चपापून इकडेतिकडे बघितलं.

पपा दीड बोटाच्या फटीतून घास आत सारत होते.
डोळ्यांतून पाणी.
झोंबतंय?
झोंबू दे. ती वाटी इकडे कर.

त्या रात्री लुपेनं विचारलं,
रोट्या कशा झाल्या? फाटल्या, म्हटलं.
फाटणारच. आणि काल? काल कुठे मिळाला तुला, एमांगी?
म्हटलं, वडलांनी आणला.
गेटाजवळच्या टपरीवरून.
दोन रुपयांचा.